मेंदूच्या रानातला वाटाड्या : सान्तियागो काहाल

माझी आजी आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. आपल्या लग्नात वऱ्हाड किती बैलगाड्यांतून आले, कोणत्या व्याह्यांचा मानपान राहिला आणि ते पंगतीवरून कसे उठून गेले, हे सारे ती कालच घडल्यासारखे सांगते. पण पेन्शनच्या कामासाठी मोबाईलवर सहा आकडी क्रमांक आला आणि तो मी तिला वाचून दाखवला, तर कागद-पेन्सिल हाती येईपर्यंत त्यातले शेवटचे दोन आकडे निसटलेले असतात. मग ती स्वतःवरच चिडते. गेल्या दिवाळीत तिने मला विचारले, की साठ वर्षांपूर्वीचे लख्ख आठवते आणि आत्ता ऐकलेले राहात नाही, हा कसला न्याय? मानसशास्त्र हा माझा मुख्य विषय असूनही मला धड उत्तर देता आले नाही. त्या उत्तराच्या शोधात असताना ज्या माणसाच्या चरित्राशी मी येऊन थांबले, त्याची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्या माणसाचे नाव सान्तियागो रामोन ई काहाल. आपल्या पाठ्यपुस्तकात मज्जापेशीची जी आकृती आपण परीक्षेसाठी काढतो, तिच्या मागे या स्पॅनिश शास्त्रज्ञाचे उभे आयुष्य आहे. मेंदू ज्या पेशींनी आठवतो त्या पेशी त्यांनी जगाला स्पष्टपणे दाखवल्या, आणि वार्धक्यात त्याच पेशींचा थकवा स्वतःच्या डोक्यात अनुभवून त्यावर एक पुस्तकही लिहिले.

सान्तियागोचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनमधील पेतिया दे आरागोन या डोंगरी खेड्यात झाला. वडील हुस्तो रामोन हे खेड्यापाड्यांतून शस्त्रवैद्याचे काम करीत. गरिबीतून कष्टाने वर आलेला हा माणूस करारी आणि तापट होता. मुलाने डॉक्टर व्हावे, हा त्यांचा हट्ट. मुलाला मात्र वेड चित्रकलेचे. भिंत दिसली की कोळशाने रेघोट्या ओढायच्या, कागद मिळाला की रंगवायचा. वडिलांच्या लेखी चित्रकला म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग. त्यामुळे घरात रोज खटका उडे.

पुढे सान्तियागोला हाका या गावी धर्मगुरूंच्या शाळेत घातले. तिथली शिक्षणपद्धती घोकंपट्टीची होती. लॅटिन व्याकरण तोंडपाठ म्हणून दाखवायचे, चुकले की छडी, पुन्हा चुकले की उपाशीपोटी खोलीत कोंडायचे. सान्तियागोला शब्द पाठ होत नसत. पाहिलेली गोष्ट डोळ्यांपुढून हलत नसे, पण ऐकलेली ओळ जशीच्या तशी म्हणणे त्याला जमत नसे. मास्तरांच्या दृष्टीने तो मठ्ठ ठरला. ज्याने पुढे स्मृतीच्या पेशी उलगडल्या, त्याला लहानपणी स्मरणशक्ती नाही म्हणून मार खावा लागला होता. स्मृती ही एकजिनसी वस्तू नसून तिचे निरनिराळे प्रकार असतात, हे आज आपण पहिल्या वर्षाला शिकतो. त्या शाळेत ते कुणाला ठाऊक नव्हते.

खोडकरपणात तर या मुलाचा हात कुणी धरला नसता. अकरा वर्षांचा असताना त्याने लाकडाची एक तोफ तयार केली, तिच्यात दारू आणि दगड ठासले आणि शेजाऱ्याच्या बागेच्या नव्या फाटकावर ती डागली. फाटकाचे भोक पडले आणि चिरंजीवांची रवानगी तुरुंगात झाली. वडिलांनी सोडवायला जाण्याऐवजी शिक्षा योग्यच आहे असे सांगितले. पुढे मुलगा ताळ्यावर यावा म्हणून त्यांनी त्याला न्हाव्याकडे आणि मग चांभाराकडे उमेदवारीला ठेवले. चांभारकामात त्याने चांगला हात बसवला, असे म्हणतात.

१८६८ च्या उन्हाळ्यात वडिलांनी वेगळी युक्ती केली. जुन्या दफनभूमीतून त्यांनी मानवी हाडे आणली आणि मुलापुढे मांडून त्याला अस्थिशास्त्र शिकवायला सुरुवात केली. पुस्तकातले शब्द ज्याच्या डोक्यात राहात नव्हते, त्या मुलाने हाडे हातात घेतली, त्यांची चित्रे काढली आणि त्यांची बारीकसारीक वळणे कायमची लक्षात ठेवली. बाप आणि मुलगा यांचे पहिल्यांदाच सूर जुळले. चित्रकला सुटली नाही. तिला विषय मात्र मिळाला.

१८७३ मध्ये झारागोझा येथे वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण होऊन काहाल सैन्यात डॉक्टर म्हणून दाखल झाले आणि १८७४ मध्ये क्यूबाला गेले. दलदलीतल्या लष्करी रुग्णालयात हिवताप आणि हगवण यांनी त्यांना गाठले. दुसऱ्याच वर्षी खंगलेल्या अवस्थेत ते मायदेशी परतले. क्यूबात साठलेल्या पगारातून त्यांनी एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला. १८७८ मध्ये क्षयाने पुन्हा उचल खाल्ली, रक्ताच्या गुळण्या झाल्या. त्यातूनही ते वाचले. १८७९ मध्ये त्यांनी सिल्वेरिया फान्यानास हिच्याशी लग्न केले. काटकसरीचा संसार, पुढे सात मुले आणि नवऱ्याचे प्रयोगाचे वेड, हे सगळे या बाईने सांभाळले. काहाल यांच्या चरित्राचा विचार करताना तिला विसरून चालणार नाही.

१८८३ मध्ये व्हॅलेन्सिया विद्यापीठात त्यांना शरीररचनाशास्त्राची प्राध्यापकी मिळाली. दोन वर्षांनी तिथे कॉलऱ्याची साथ आली. झारागोझाच्या प्रांतिक मंडळाने साथीचा अभ्यास त्यांच्यावर सोपवला आणि त्या कामाबद्दल त्यांना झाईस कंपनीचा उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला. युरोपातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत होते तसले यंत्र आता त्यांच्या टेबलावर आले.

१८८७ साल त्यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. माद्रिदला लुईस सिमार्रो या मित्राने त्यांना काही काचपट्ट्या दाखवल्या. इटलीतील कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ मध्ये शोधलेली ती पद्धत होती. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला, की असंख्य पेशींपैकी मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण ज्या होतात त्या मुळापासून शेंड्यापर्यंत होतात. पिवळसर पार्श्वभूमीवर शाईने झाड काढावे तशी एकेक पेशी फांद्यांसकट उठून दिसते. ते दृश्य पाहून काहाल यांनी पुढील कामाची दिशा ठरवून टाकली.

त्या काळी बहुतेक विद्वानांची समजूत अशी, की मेंदूतले सारे तंतू एकमेकांत मिसळून त्यांचे एक अखंड जाळे होते. स्वतः गोल्जीही याच मताचे होते. काहाल यांनी त्याच पद्धतीत दोन साध्या सुधारणा केल्या. रंगवण्याची क्रिया त्यांनी दोनदा केली, आणि प्रौढ मेंदूऐवजी पक्ष्यांचे आणि सस्तन प्राण्यांचे भ्रूण व पिल्ले वापरली. त्यांचा विचार असा, की दाट रानात झाडे ओळखता येत नसतील तर रोपवाटिकेत जाऊन रोपे पाहावीत. १८८८ मध्ये, बार्सेलोनात असताना, त्यांनी दाखवून दिले की मज्जापेशी ही स्वतंत्र पेशी असते. तिचे टोक दुसऱ्या पेशीच्या अगदी जवळ जाते, पण तिच्यात मिसळत नाही. हे छापायला कुणी तयार होईल याची शाश्वती नव्हती, म्हणून त्यांनी पदरमोड करून स्वतःचे त्रैमासिक काढले आणि त्याच्या साठ प्रती देशोदेशींच्या शास्त्रज्ञांना पाठवल्या.

स्पॅनिश वाचणार कोण? म्हणून १८८९ मध्ये काचपट्ट्या आणि सूक्ष्मदर्शक घेऊन काहाल बर्लिनच्या परिषदेत दाखल झाले. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलत त्यांनी एकेका विद्वानाला यंत्रापाशी आणले. वृद्ध आणि मान्यवर शास्त्रज्ञ क्योलिकर यांनी डोळा लावला आणि त्यांचे मत पालटले. त्यानंतर १८९१ मध्ये वाल्डायर यांनी या पेशीला न्यूरॉन हे नाव दिले.

याच काळात काहाल यांनी आणखी एक बारीक गोष्ट नोंदवली होती. पेशीच्या फांद्यांवर गुलाबाच्या देठावर असावेत तसे इवलेसे काटे त्यांना दिसले. हा चांदीचा साका आहे, रंगवण्यातला दोष आहे, असे म्हणून इतरांनी ते काढून टाकले. काहाल अडून बसले. १८९६ मध्ये त्यांनी मेथिलीन ब्लू या अगदी वेगळ्या रंगाने तेच काटे दाखवले. हे काटे वाचकांनी लक्षात ठेवावेत. माझ्या आजीच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच येऊन थांबते.

१८९२ पासून काहाल माद्रिदला प्राध्यापक होते. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना मानाच्या व्याख्यानासाठी बोलावले. तिथे त्यांनी एक कल्पना मांडली. मोठेपणी मेंदूच्या पेशी नव्याने वाढत नाहीत. मग अभ्यासाने, सरावाने माणूस शिकतो तरी कसा? त्यांचे उत्तर असे, की पेशी त्याच राहतात, पण त्यांच्या फांद्या आणि परस्परांतल्या गाठीभेटी वाढतात. ही लवचिकता तरुणपणी भरपूर असते आणि वयाबरोबर ओसरत जाते, हेही त्यांनी ओळखले होते.

१९०६ मध्ये नोबेल पारितोषिक काहाल आणि गोल्जी यांना विभागून मिळाले. स्टॉकहोमच्या त्या समारंभात गोल्जी यांनी आपल्या व्याख्यानात काहाल यांच्याच सिद्धांतावर टीका केली. काहाल यांनी दुसऱ्या दिवशी शांतपणे आपले पुरावे मांडले. योगायोग असा, की त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीत आलोइस आल्झायमर यांनी स्मृती गमावलेल्या एका स्त्रीच्या मेंदूतील विकृतीची माहिती डॉक्टरांच्या सभेत सांगितली होती.

काहाल यांचा दिनक्रम शिस्तीचा होता, पण त्यांना छंदही अनेक होते. बार्सेलोनात असताना त्यांना बुद्धिबळाचे व्यसन जडले. एकाच वेळी चार-चार डाव, कधी पटाकडे न पाहता, ते खेळत. रात्री झोपेतही सोंगट्या डोक्यात फिरू लागल्या, तेव्हा त्यांनी निश्चयाने खेळ सोडला. डाव डोक्यात धरून ठेवणे म्हणजे आपण ज्याला अल्पकालीन स्मृती म्हणतो तिचीच कसरत. चित्रे काढतानाही, सूक्ष्मदर्शकात पाहिलेले ते पुष्कळदा आठवणीतून काढीत आणि मग काचपट्टीशी ताडून पाहात. त्यांची अशी सुमारे तीन हजार चित्रे आज माद्रिदमध्ये जतन केलेली आहेत. २०१७ मध्ये युनेस्कोने त्यांच्या संग्रहाची नोंद जागतिक स्मृतिठेव्यात केली.

साठी ओलांडल्यावर मात्र या डोक्याने कुरकुर सुरू केली. कॅफेत मित्रांशी रंगात येऊन वाद घालताना त्यांना डोक्यात उष्णता जाणवू लागली, डोके दुखू लागले. त्यांनी आपला तरुण सहकारी निकोलास आचुकार्रो याला प्रकृती दाखवली. आचुकार्रो म्युनिकला आल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत काम करून आला होता. त्याने संकोच न करता सांगितले, की मेंदूच्या रक्तवाहिन्या वयोमानाने कठीण होऊ लागल्या आहेत. गुरूला हा निर्णय सांगणारा तो शिष्य १९१८ मध्ये अकाली वारला. गुरू पुढे सोळा वर्षे जगले.

त्यांनी गप्पांचे अड्डे कमी केले, गोंगाट टाळला. १९२२ मध्ये सत्तरी पूर्ण होताच ते प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले, पण सूक्ष्मदर्शक सुटला नाही. १९३० मध्ये सिल्वेरिया गेली. कान आणि डोळे कमजोर झाले होते, झोप लागत नव्हती. तरीही १९३३ मध्ये त्यांनी न्यूरॉन सिद्धांताच्या बाजूचे सर्व पुरावे एकत्र मांडणारा दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. आणि १९३४ मध्ये, ऐंशी वर्षांच्या माणसाला जग कसे दिसते, या विषयावरचे त्यांचे पुस्तक निघाले. त्यात त्यांनी स्वतःलाच काचपट्टीवर ठेवले आहे. दृष्टी, श्रवण, स्नायू, झोप यांच्या बरोबरीने म्हातारपणी स्मृती कशी दगा देते, ताजे कसे निसटते आणि जुने कसे टिकते, याचा त्यांनी विचार केला. रडगाणे गायले नाही. वाचन आणि काम यांतच वृद्धांनी विसावा शोधावा, असे सुचवले. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे काय झाले, हे सांगितल्याशिवाय चरित्र पुरे होत नाही. अल्पकालीन स्मृतीची झोळी लहान असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची मर्यादा साधारण सात, दोन कमी किंवा दोन जास्त, अशी सांगितली, हे आपण शिकलो आहोत. ती झोळी मेंदूत कुठे असते? १९७१ मध्ये अमेरिकेत आणि जपानमध्ये दोन स्वतंत्र प्रयोग झाले. माकडाला एखादी खूण दाखवायची, ती झाकायची आणि काही सेकंदांनी विचारायचे. खूण डोळ्यांआड असतानाही कपाळामागच्या भागातील काही पेशी सतत विद्युत्संकेत देत राहतात, असे दिसले. म्हणजे आकडा डोक्यात धरून ठेवणे हे पेशींनी एकमेकींना सारखे जागे ठेवण्याचे काम आहे. काहाल यांनी चितारलेल्या पिरॅमिडच्या आकाराच्या पेशी त्या याच.

वय झाले की पेशी भराभर मरतात, ही समजूत मात्र खरी ठरली नाही. १९९७ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी केलेल्या मोजणीनुसार विशीपासून नव्वदीपर्यंत मेंदूच्या बाह्यपटलातील सुमारे १० टक्केच पेशी कमी होतात. झीज होते ती प्रामुख्याने जोडण्यांची. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हाताऱ्या माकडांच्या कपाळामागील भागात बारीक काटे बरेच कमी झालेले आढळले; जाड, भक्कम काटे मात्र टिकून होते. बारीक काटे नव्या, क्षणाक्षणाला बदलणाऱ्या कामासाठी आणि जाड काटे मुरलेल्या गोष्टींसाठी, असे समजले जाते. २०११ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांना दिसले, की वृद्ध माकडांत खूण झाकल्यावर संकेत देत राहणाऱ्या पेशी लवकर मंदावतात, पण त्यांच्याभोवतीचे रसायन योग्य रीतीने बदलले तर त्यांचा जोर काही अंशी परत येतो. म्हणजे या पेशी गेलेल्या नसतात, थकलेल्या असतात.

आणखी एक गोष्ट मला विशेष वाटली. २००० मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया रॉयटर-लोरेन्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण आणि वृद्ध माणसांना काही अक्षरे किंवा जागा थोडा वेळ लक्षात ठेवायला सांगून त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. अक्षरांसाठी तरुणांच्या मेंदूचा पुढचा डावा भाग आणि जागांसाठी उजवा भाग अधिक काम करताना दिसला. वृद्धांमध्ये दोन्ही भाग कामाला लागले होते. एका खांद्याला ओझे पेलेनासे झाले की माणूस दुसरा खांदाही देतो, तसाच काहीसा हा प्रकार. ही खरोखर मदत आहे की कामाची वाटणी विस्कटल्याचे लक्षण, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण म्हातारा मेंदू स्वस्थ बसत नाही, एवढे तरी त्यातून दिसते. आल्झायमरचा आजार ही वेगळी गोष्ट. सहा आकड्यांतले दोन विसरणे म्हणजे तो आजार नव्हे.

दिवाळीतल्या प्रश्नाचे उत्तर मी आजीला या सुट्टीत दिले. लग्नातल्या बैलगाड्या जाड काट्यांवर बसल्या आहेत आणि मोबाईलवरचा आकडा बारीक काट्यांवर, असे तिला सांगितले. तिने काहाल यांचे चित्र नीट पाहिले आणि त्या तोफेची गोष्ट दोनदा सांगायला लावली. आता आकडा आला की मी तो एकदम वाचत नाही. दोन-दोन आकडे वाचते, ती दोन-दोन लिहून घेते. इतके दिवस मी मात्र सहाही आकडे एका दमात वाचून दाखवीत होते आणि चूक तिची समजत होते. घोकंपट्टीला न जुमानणाऱ्या मुलाला मठ्ठ ठरवणाऱ्या त्या शाळेत आणि माझ्यात तेव्हा फारसे अंतर नव्हते.